परातीखालचा डाव

माझे वडील भिवंडीतले सगळ्यात हुशार पोकर खेळणारे होते, हे आधीच सांगून टाकते. ते बहुतेक वेळा हरायचे, ती गोष्ट वेगळी!

निवृत्त गणिताचे मास्तर आणि पोकर? थांबा, लगेच भुवया उंचावू नका. आमच्याकडे पैसे नव्हते, कांड्या होत्या. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, धोट्यात बसते ती वीतभर कांडी. तिच्यावरचं सूत कापडात जातं आणि कांडी रिकामी उरते. नूरचाचांच्या कारखान्यात टवके उडालेल्या, बाद झालेल्या कांड्यांची पोती पडून असायची. त्यातलं एक पोतं दर रविवारी दुपारी चारला आमच्या घरी यायचं आणि सहाला परत जायचं. जिंकणाऱ्याला काय मिळायचं? काहीही नाही! "म्हणून तर गुनाह नाही," असं मेहरुन्निसाचाची म्हणायच्या आणि जिंकलेल्या कांड्या ओढणीखाली झाकून ठेवायच्या.

खेळणारे चौघे. माझे वडील अण्णा, त्यांचे चाळीस वर्षांचे दोस्त नूर मोहम्मद म्हणजे नूरचाचा, त्यांच्या बेगम मेहरुन्निसाचाची आणि मी. आई खेळायची नाही. ती चहा करायची आणि आमच्याकडे बघून सुस्कारे टाकायची.

खेळ सोपा. प्रत्येकाला दोन पानं, ती झाकून ठेवायची. मध्ये एकूण पाच पानं उघडायची, ती सगळ्यांची. दोन्ही मिळून ज्याचे पाच पत्ते भारी, त्याची बादली. हो, बादली! वीतभर कांड्या टेबलावर रचल्या की सरपण आणल्यासारखं दिसायचं, म्हणून बोली बादलीत टाकायची. आणि बोली ठरलेली: चार, आठ, बारा, सोळा. सोळाला कुलूप, त्यापुढे वाढवायचं नाही.

अण्णांना खेळाची हीच जात आवडायची. "वाटेल तेवढं लावायची मुभा असली ना, की एखादा अख्खं पोतं पुढे सारतो आणि बाकीचे घाबरून पळतात," ते म्हणायचे. "इथे कोणी कोणाला घाबरवू शकत नाही. सगळे बसून राहतात. आणि सगळे बसून राहिले, की होऊ घातलेला डाव सोन्याचा!"

होऊ घातलेला डाव म्हणजे अजून न झालेला. हातात काहीच नाही, पण योग्य पान आलं तर सगळ्यांच्या नाकावर टिच्चून जिंकणारा. शहाणी माणसं असा डाव हातात आला की गप्प बसतात, पान आल्यावर वाढवतात. अण्णा पान यायच्या आधी वाढवायचे! मुकाट्याने नव्हे, चोरून नव्हे. छाती पुढे काढून!

तर तो रविवार. मध्ये चार पानं उघडी होती. बदाम नव्वी, इस्पिक अठ्ठी, बदाम तिर्री आणि चौकट दुर्री. पाचवं यायचं होतं. मी म्हटलं, "पास." नूरचाचाही पास. चाचींनी चार कांड्या बादलीत टाकल्या, त्याही अशा आपटून की गल्लीला कळावं.

"आठ!" अण्णा म्हणाले.

"मास्तर, सच बोलो," चाची चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "हातात काही आहे?"

"काहीही नाही!" अण्णा अत्यंत आनंदाने म्हणाले.

"झूठ!"

"झूठ कशाला बोलेल? अकरा वर्षं हेच चाललंय," नूरचाचा म्हणाले. "हातात काय नसताना वाढवतो, आणि हरतो."

"हरतो," अण्णा म्हणाले, "पण बरोबर हरतो!"

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बोलायची पाळी माझी होती. अकरा वर्षांत मी या टेबलावर दोनच शब्द वापरले होते, 'पास' आणि 'चालतंय'. मी 'चालतंय' म्हणायला तोंड उघडलं आणि चाचींचा फोन वाजला. त्यांच्या मुलीला, मदीहाला, दवाखान्यात नेलं होतं. दिवस भरले होते.

एकच धांदल उडाली! चाची उलटी चप्पल घालून निघाल्या, नूरचाचा किल्ल्या शोधू लागले (त्या त्यांच्या हातात होत्या), आणि अण्णा टेबलावर दोन्ही हात पसरून उभे राहिले. "पत्त्यांना कोणी हात लावायचा नाही! डाव पुढच्या रविवारी इथूनच!" ते धावत स्वयंपाकघरात गेले, आईची कणीक मळायची मोठी परात घेऊन आले आणि पत्त्यांवर पालथी घातली.

"अहो, माझी परात!" आई ओरडली.

"एका आठवड्याचा प्रश्न आहे, अनसूया."

"आणि कणीक कशात मळू?"

"डब्याच्या झाकणात मळ. चालतं."

मग अण्णाही दवाखान्याकडे निघाले. वाटेत त्यांनी एक किलो पेढे घेतले. मदीहाला अजून आत नेलंदेखील नव्हतं, आणि हे बाहेरच्या बाकावर सिस्टरांना पेढे वाटतायत! मुलगी झाली, जोहा. दोघी सुखरूप.

पेढ्यांची ही त्यांची जुनीच सवय. माझ्या दहावीच्या निकालाच्या आदल्या दिवशी त्यांनी अख्ख्या आळीत पेढे वाटले होते. दुसऱ्या दिवशी मी नापास झाले. गणितात! गणिताच्या मास्तरांची मुलगी! लोक पेढे परत करायला आले नाहीत, एवढाच काय तो मोठेपणा. अण्णा मात्र शांतपणे म्हणाले, "पेढे बरोबर होते. निकाल चुकला." मी त्यातला एकही पेढा खाल्ला नाही. आणि त्याबद्दल त्यांच्याशी एक शब्दही बोलले नाही. तेव्हा नाही, आणि पुढे शिकून कॉलेजात ग्रंथपाल झाले तेव्हाही नाही.

तर असा तो रविवार. मग एक सोमवार आला. त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतं. मंगळवारी सकाळी दाढी करता करता अण्णा गेले. अर्ध्या गालाला साबण तसाच होता.

मी ग्रंथपाल आहे. प्रत्येक गोष्ट तिच्या जागी, क्रमाने लावणं हा माझा धंदा. त्यामुळे तेरा दिवसांत कुठेही गोंधळ होणार नाही, असं मी स्वतःला बजावलं. सतरंज्या, चहाचे कप, भेटायला येणाऱ्यांच्या चपलांची जागा, सगळं मी कागदावर लिहून काढलं. कागदावर यायची एकच गोष्ट राहिली. परात!

तिला हात लावायचा नाही, हे आईला आणि मला न बोलता कळलं होतं. अण्णांनी 'आठ' म्हटलं होतं. त्याला अजून उत्तर मिळालेलं नव्हतं. त्या टेबलाशेजारीच भिंतीला जागा होती, म्हणून अण्णांचा फोटो तिथे ठेवला. फोटोपुढे दिवा लावला. मला यात काहीही वावगं दिसलं नाही.

दुपारी खारबावहून कमळआत्या आली. अण्णांची थोरली बहीण. पोटभर रडली, डोळे पुसले, आणि तिची नजर गेली फोटोकडे, दिव्याकडे आणि दिव्याशेजारच्या पालथ्या परातीकडे.

"याच्याखाली हाय ना?" तिने हळूच विचारलं.

मला वाटलं, आईने तिला डावाचं सांगितलं. "हो, आहे," मी म्हटलं.

"कुनी उघडला न्हाय ना?"

"नाही. अजिबात नाही. पूर्ण झाल्यावरच उघडायचं."

"शानी गं माझी बाय!" आत्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "शहरात राहून रीत सोडली न्हाय!"

आता ही रीत कुठली, ते तेव्हाच विचारायला हवं होतं. पण मी मितभाषी! मितभाषी माणसांची सगळी संकटं अशीच येतात. संध्याकाळी आईकडून कळलं. अण्णांच्या गावाकडे माणूस गेला की दिव्यापाशी पीठ पसरतात आणि त्यावर टोपली पालथी घालतात. उघडल्यावर पिठात ज्याचं पाऊल उमटलेलं दिसेल, तो त्या माणसाचा पुढचा जन्म!

"आई, आत्याला सांगायला हवं."

"काय सांगशील? भावाच्या दिव्याशी पत्ते मांडलेत म्हणून?" आईने डब्याच्या झाकणात कणीक मळत विचारलं. झाकण छोटं, कणीक मोठी; अर्धी ओट्यावर. "राहू दे. तेरावं झालं की बघू."

तिथून प्रकरण हाताबाहेर गेलं. आत्याने प्रत्येक येणाऱ्याला परात दाखवली. तिसऱ्या दिवशी परातीवर फुलं आली. पाचव्या दिवशी हार आला. सातव्या दिवशी राहनाळहून आलेल्या एका बाईंनी वर नारळ ठेवला, तो घरंगळला, तेव्हा परातीच्या कडेला गव्हाची मूठ लावून बसवला. अण्णांचे जुने सहकारी येऊन हात जोडून म्हणाले, "जन्मभर गणित शिकवलं, पण परंपरा जपली!" अण्णा फोटोतून हसत होते. तो फोटो मुळात हसतानाचाच होता, पण त्या आठवड्यात जास्तच वाटत होतं.

पूर्ण्याला गोदामात ड्युटी करणारा आमचा चुलतभाऊ महादू तर परातीला कान लावून बसला. "आत काय तरी हललं!"

"पंख्याचा वारा आहे रे."

"आमच्या आजोबांच्या येळेला मांजराचा पाऊल आलेला," तो गंभीरपणे म्हणाला. "घरात मांजर व्हती म्हना."

आठव्या दिवशी नूरचाचा आणि चाची आले. ते रोजच यायचे, पण दारातूनच विचारपूस करून जायचे. त्या दिवशी आत आले. चाचांनी फोटोकडे बघितलं. मग त्यांना परात दिसली.

"नीरजा," ते कुजबुजले, "आपल्या डावावर नारळ कुणी ठेवला?"

मी सगळं सांगितलं. चाचींनी ओढणी तोंडाला लावली. खांदे हलू लागले. आत्याला वाटलं हुंदका, म्हणून तिने पाणी आणून दिलं. पाणी पिऊन चाची माझ्या कानाशी आल्या.

"बेटी, रोना भी आ रहा है, हँसना भी. पण एक सांग. माझे पत्ते हलले तर नाहीत ना?"

तेरावा दिवस हिशेबाने रविवारीच आला. अण्णा असते तर म्हणाले असते, "बघ, एक आठवडा जास्त गेला, पण वार चुकला नाही." जेवणं झाली. बायकांनी हात धुतले, पण कोणी जाईना! आत्याने जाहीर करून ठेवलं होतं, चार वाजता परात उघडायची. वीस-पंचवीस माणसं टेबलाभोवती कोंडाळं करून उभी. महादूने तर मोबाईल काढून ठेवला होता.

"आत्या, मला जरा बोलायचंय," मी म्हटलं.

"मागनं बोल." आत्याने नारळ उतरवला, हार काढला, डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि परात उचलली.

सगळ्या माना एकदम पत्त्यांवर वाकल्या.

"ह्यो… जल्म कुटला गं?" आत्याने विचारलं.

"नऊ, आठ, तीन, दोन," महादूने वाचलं. "मोबाईल नंबर हाय! बाकीचे आकडे खाली असतील!" आणि त्याने झाकलेल्या पत्त्यांकडे हात नेला.

"खबरदार!" मेहरुन्निसाचाची गर्दीतून वाट काढत आल्या. "कोणी हात लावायचा नाही! ते माझे आहेत!"

मग सांगावंच लागलं. मी सांगत गेले तसा आत्याचा चेहरा चौकटीसारखा लाल होत गेला.

"पत्तं? तेरा दिस मी पत्त्यांना फुलां वाहिली? माझा भाव मास्तर व्हता, जुगारी न्हवता! उचल समदा! खाडीत टाकून ये, महादू!"

महादूने पुन्हा हात पुढे केला. आणि कोणीतरी ओरडलं, "हात लावायचा नाही! अण्णांचा डाव अपुरा आहे!"

सगळे माझ्याकडे बघू लागले तेव्हा कळलं, ओरडले ती मीच.

"वन्सं," आई मागून म्हणाली, "चौदा दिवस मी डब्याच्या झाकणात कणीक मळली. आता शेवट बघितल्याशिवाय मी ती परात घरात घेणार नाही."

आत्या खुर्ची ओढून बसली. "कवा संपतो ह्यो डाव?"

"एक पान बाकी आहे."

"मग काढ की!"

पण प्रश्न होता माणसांचा. अण्णांच्या खुर्चीत मी बसणार, मग माझी पानं कोण धरणार? चौघं हवेतच. चौघं भरत असतील तरच अण्णांचं गणित चालतं. आई म्हणाली, तिला पत्त्यातलं ओ की ठो कळत नाही. आत्याने पदर खोचला.

"दे हिकडं. मी मेंढीकोट खेळलेली हाय, मला शिकवू नको. काय बोलायचा?"

"नुसतं 'चालतंय' म्हणा," नूरचाचा म्हणाले. "नीरजा तेवढंच बोलते."

मी अण्णांची पानं उचलली.  बदाम गुलाम. बदाम दश्शी.

म्हणजे खरंच हातात काही नव्हतं! एक जोडीसुद्धा नाही! माणूस अकरा वर्षं खरं बोलत होता आणि आम्ही त्याला झूठ म्हणत होतो.

मग मी मोजायला लागले, त्यांच्यासारखी, ओठ हलवत. हातात दोन आणि मध्ये दोन, असे चार बदाम. पाचवा कुठलाही बदाम आला तरी रंग. उरलेले बदाम नऊ. शिवाय अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम अशी माळ. वर राणी लागली किंवा खाली सत्ती लागली तरी डाव झाला. बदाम आधीच मोजलेले, म्हणून राणीची तीन, सत्तीची तीन. एकूण पंधरा पानं कामाची! न दिसलेली पानं सेहेचाळीस. आत्याच्या हातातली दोन मला ठाऊक होती, ती वजा केली असती तर आकडा आणखी बरा झाला असता. पण तो लबाडपणा. अण्णांनी केला नसता. सेहेचाळीसात पंधरा म्हणजे जिंकायची संधी जवळजवळ तिसरा हिस्सा. बादलीत आपण भरणार चौथा हिस्सा. चौथा देऊन तिसरा घ्यायचा! पान यायच्या आधीच!

गणितात नापास झालेल्या मुलीला हे इतकं स्वच्छ दिसलं.

"चालतंय!" आत्या गरजली आणि आठ कांड्या टाकल्या.

"चालतंय," नूरचाचा.

"बारा!" चाचींनी बादली हादरवली. त्या दोन आठवडे या क्षणाची वाट बघत होत्या.

सगळे माझ्याकडे वळले.

"काय हाय त्याच्या हातात?" आत्याने विचारलं.

"काहीही नाही, आत्या."

"मग ठेव खाली! उगा वाढवू नको!"

मी अण्णांच्या वाटच्या कांड्या दोन्ही हातांनी उचलल्या. अकरा वर्षांत हा शब्द मी उच्चारला नव्हता. तो निघाला तेव्हा जरा मोठ्यानेच निघाला.

"सोळा!"

"या अल्लाह," चाची म्हणाल्या. "मास्तरच बसलाय तिथे!"

तिघांनीही भरले. आत्या तर ठरल्यापेक्षा दोन जास्त टाकून बसली. पाचवं पान उघडायचा मान तिने मागितला नाही, सरळ घेतला. "माझ्या भावाची खूण हाय," म्हणाली आणि गठ्ठ्यावरचं पान उलटलं.

किलवर पंजी.

बदाम नाही. राणी नाही. सत्ती नाही. काही म्हणजे काही नाही! त्यावर आणखी एकदा बोली लावायची असते, हे कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. चाचींनी दोन बादशहा टेबलावर थाडकन आपटले. "चौदह दिन! चौदह दिन से दोन बादशहा घेऊन झोपतेय मी!" नूरचाचांनी मधल्या अठ्ठीशी जुळणारी एक अठ्ठी दाखवून मान हलवली. मी अण्णांची पानं ठेवली, सगळ्यांना नीट दिसतील अशी.

"आनि हे काय म्हनायचा?" आत्याने माझी पानं उलटी केली. एक नव्वी आणि एक पंजी. मध्ये एक नव्वी आणि आताच आलेली पंजी.

चाचींचा चेहरा बघण्यासारखा झाला. दोन जोड्या! दोन बादशहा, चौदा दिवसांची तपश्चर्या, सगळं आत्याच्या नव्वी-पंजीने खाल्लं!

"म्हंजे मी जिकली?" आत्या उठून उभी राहिली. तिने बादली उचलून पोटाशी धरली. "ह्या कांड्या मी खारबावला नेनार! काय समजलाव? कुनी मागायच्या न्हायत!"

"रिकाम्या आहेत त्या, ताई," नूरचाचा म्हणाले.

"असूंदे! माझ्या भावाच्या हायत."

आईने परात उचलली, पदराने पुसली आणि स्वयंपाकघरात घेऊन गेली. लोक हसत, डोळे पुसत पांगले. नूरचाचा अण्णांच्या गुलाम आणि दश्शीकडे बघत बसले होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अगदी मास्तरसारखी हरलीस."

तुम्हाला सांगते, शाळेत, कॉलेजात, नोकरीत मला जे काही चांगलं म्हटलं गेलंय, त्यात याच्या जवळपास जाणारं काहीही नाही.

सगळे गेल्यावर मी पत्ते गोळा केले. अण्णांची दोन पानं गठ्ठ्यात घातली नाहीत, फोटोच्या चौकटीत खोचली. दिव्याची वात सारखी केली. खोलीत कोणी नव्हतं, तरी इकडेतिकडे बघून घेतलं, सवय आहे. आणि मग स्पष्ट, मोठ्याने, आईला आतपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं,

"अण्णा, पेढे बरोबर होते."